वहिनींचा तंबू आणि माझी खिडकी

आमच्या अंधेरीच्या दोन खोल्यांत वारा यायची जागा एकच, पश्चिमेची खिडकी. ती माझी होती. तिथे बसून मी पेपर वाचायचो आणि तिथेच पेंगायचो. मग दादाचं लग्न झालं, वहिनी शिवणाचं हातमशीन घेऊन आल्या आणि उजेड हवा म्हणून ते नेमकं त्याच खिडकीत मांडलं गेलं. आईला ते खुपायचं. "झबली-टोपडी शिवायला एवढं धूड कशाला? माळ्यावर टाका," असं ती आठवड्यातून एकदा तरी म्हणायची. मनातून माझा तिला पाठिंबा होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

नाताळच्या सुट्टीत ऑफिसातल्या दोन मित्रांबरोबर मी मढच्या पुढच्या एका उघड्याबोडक्या बेटावर मुक्कामाचा बेत केला. तंबू नव्हता. वहिनी म्हणाल्या, "मी शिवते." पंधरा दिवस त्या दोसुतीच्या जाड कापडाशी झटल्या, चार सुया मोडल्या, प्रत्येक शिवण दुहेरी घातली. निघताना हळूच म्हणाल्या, "भावोजी, हा फाटून आला तर मशीन माळ्यावर गेलंच समजा. जपा हं."

"वहिनी, तंबू ठोकणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" मी म्हणालो. तोवर मी भिंतीत खिळासुद्धा सरळ ठोकला नव्हता.

वेसाव्याच्या एका कोळी तांडेलाने आम्हाला होडीतून बेटावर सोडलं. परतताना तो एवढंच म्हणाला, "तंबूचं तोंड वाऱ्याकडं करू नको रं."

आता सांगा, सारा जन्म एका खिडकीवर काढलेल्या माणसाला हे पटायचं कसं? आमच्याकडे खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न, हवा येते का? मी तंबूचं दार बरोबर पश्चिमेला ठेवलं, आत ऐसपैस आडवा झालो आणि मित्रांना म्हणालो, "झकास! अशी हवा अख्ख्या अंधेरीत मिळायची नाही."

चारच्या सुमाराला ती हवा जोरात आली. तंबू टम्म फुगला, वाळूतल्या खुंट्या पटापट उखडल्या आणि सगळं प्रकरण जमिनीवरून उठलं. मी दोरी पकडली. म्हणजे दोरीने मला पकडलं म्हणा. पाठीमागून एक मित्र ओरडत होता, "अरे शहाण्या, तंबू ठोकलास का शीड उभारलंस? सोड, सोड!" सोडतो कसला! डोळ्यांसमोर माळा दिसत होता. एका काटेरी झुडपात आम्ही दोघे, तंबू आणि मी, एकदाचे अडकलो.

बांबू मोडला, खुंट्या गेल्या, माझ्या हाफपँटबद्दल न बोललेलं बरं. तसाच गुडघ्यांवर बसून मी शिवणींवरून बोट फिरवत गेलो. पण एक टाका उसवला असेल तर शपथ! त्या रात्री खडकाच्या आडोशाला आम्ही तिघे तोच तंबू पांघरून झोपलो.

सकाळी तांडेल आला. आधी माझ्याकडे बघून पोटभर हसला. मग तंबूचं कापड दोन्ही हातांत धरून त्याने शिवण ताणली, पुन्हा ताणली आणि हसायचा थांबला.

"कुणी शिवला रं?"

"आमच्या वहिनींनी." पार्श्वभागाची चाळण झाली होती, तरी हे दोन शब्द मी साहेबासमोरही कधी उभा राहिलो नाही इतक्या ताठ्यात म्हणालो.

"माझं लहान होडीचं शीड फाटलंय. शिवील का ती?"

पुढच्या रविवारी तो ते शीड खांद्यावर टाकून आमच्या दारात हजर. दोन्ही खोल्यांत बोंबलाचा वास दरवळला. आईने नाकाला पदर लावला, शिडाकडे पाहिलं, मग वहिनींकडे पाहिलं. शेवटी म्हणाली, "मशीन खिडकीतच राहू दे बाई. वास तरी जाईल."

वहिनींनी मान खाली घालून चाक फिरवायला घेतलं. मग मला म्हणाल्या, "भावोजी, ती हाफपँटही आणा. दुहेरी शिवण घालते."

खिडकी माझी गेली ती गेलीच. मी दारात घामाघूम होऊन पेपर वाचायचो आणि जिन्यातून कुणी वर येताना दिसलं की, त्याने विचारलेलं नसताना, सांगायचो, "आमच्या वहिनी शिडं शिवतात."