वावरातली माती

गुरुवारी सकाळी बायकोला ताप आला. थर्मामीटरने एकशे दोन दाखवले. केमोच्या चौथ्या डोसला नऊ दिवस झाले होते. शंभरच्या वर ताप गेला तर वाट न पाहता जवळच्या दवाखान्यात जा, असे आम्हाला सांगितलेले होते. आम्ही नांदेडच्या दवाखान्यात गेलो. सोमवारी ती गेली.

एवढे लिहायला मला दीड वर्ष लागले.

तिच्या पोटात गाठ होती. सहा डोस द्यायचे आणि मग ऑपरेशन करायचे, असे लातूरच्या डॉक्टरांनी ठरवले होते. सहापर्यंत पोचायचे, याखेरीज आमच्या घरात दुसरा विषय उरला नव्हता. कॅलेंडरवर तिने सहा तारखांना गोल केले होते. डोस झाला की घरी येऊन, चप्पलही न काढता, ती त्या गोलावर फुली मारी.

लातूरच्या त्या वॉर्डात एक सिस्टर होती. वयाने आमच्या मुलीएवढी असेल. सलाईन लावून झाले की ती बायकोजवळ स्टूल ओढून बसायची आणि श्वास कसा घ्यायचा ते दाखवायची. चार आकडे मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर.

"साठ वर्षं मी काय वाऱ्यावर जगले का?" बायको म्हणाली. "श्वास घ्यायला शिकायला लातूरला आणलं का मला?"

"काकू, शिकवणी फुकट आहे. घ्या."

बायकोने घेतली. त्या श्वासांनी गाठ विरघळणार नव्हती, हे सिस्टरनेच पहिल्या दिवशी सांगितले होते. पण सुई टोचताना बायको हात मागे ओढायची थांबली, हे मी पाहिले आहे.

दुसऱ्या डोसनंतर तिच्या तळव्यांची आग होऊ लागली. माहेरहून आणलेली काशाची वाटी तिने कपाटातून काढली. सिस्टरला विचारले. कातडी फाटलेली नसेल तर हलक्या हाताने चोळा, असे ती म्हणाली. मग रोज संध्याकाळी मी तिच्या तळव्यांना तूप लावून वाटी फिरवू लागलो. थोड्या वेळाने तूप काळे पडे. आमच्याकडे म्हणतात, अंगातली उष्णता निघाली. तो काळेपणा धातूचा असतो, असे मी तिला एकदा सांगितले.

"असू द्या," ती म्हणाली. "काहीतरी निघून राहिलंय ते डोळ्यानं दिसतंय ना. बाकी सगळं नुसतं आतच चाललंय."

तिसऱ्या डोसनंतर रक्त कमी झाले. मी कॉलेजात तीस वर्षे ग्रंथपाल होतो. छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणे ही माझी जन्माची सवय. घरातल्या एका जुन्या पुस्तकात गव्हांकुराच्या रसाचे प्रकरण होते. त्याने रक्त वाढते, असे लिहिले होते. सात ट्रे घ्यावेत, रोज एकात गहू पेरावा, म्हणजे आठव्या दिवसापासून रोज ताजा रस मिळतो. उकळल्यास गुण जातो, हेही होते.

माती दुकानात पिशवीतून मिळते. पण नवरात्रात घटाखाली आम्ही घरच्या वावरातलीच माती घालतो. विकतची माती आणायचे माझ्या मनातही आले नाही. आमचे वावर लोह्याजवळ आहे, ते थोरले भाऊ कसतात. मी बसने गेलो. ऊन तापलेले होते. वहिनी टोपले घेऊन माझ्याबरोबर वावरात आल्या.

"बिगर नवरात्राचे घट कशापायी, भाऊजी?"

"घट नाहीत, वहिनी. तिच्यासाठी औषध पेरायचं आहे."

"मग बांधाकडची नका घेऊ. तिथं फवारा मारलाय." त्या पुढे चालत गेल्या. "हितं बघा. हितं मेंढ्या बसवल्या होत्या आठ दिवस. हिच्यात दगड पेरला तरी उगवंल."

लेंड्या मिसळलेली ती माती त्यांनी स्वतः खणली आणि खताच्या रिकाम्या पोत्यात भरली. पोत्याचे तोंड बांधताना म्हणाल्या, "तिला म्हणावं, सहावा डोस झाला की हितंच या. मी पुरण घालते."

गहू खरोखर जोमात आले. बायको गॅलरीत खुर्ची टाकून बघत बसे.

"आयुष्यात एक रोप लावलं न्हाई तुमी," ती म्हणाली. "आता मला कालवड करून चारा पेरला."

मी अंकुर कात्रीने कापी, नळाखाली धरी, मिक्सरमधून काढून फडक्याने गाळी. अर्धा कप. ती नाक धरून पिई.

चौथ्या डोसच्या दिवशी सिस्टरने तिच्या वहीतले नेहमीचे प्रश्न विचारले. पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून कच्चे काही द्यायचे नाही, हे ती दर वेळी बजावत असे.

"घरगुती काही चालू केलंय का, काका? काढा, पावडर, रस?"

बायकोने माझ्याकडे पाहिले.

"तळव्यांना तूप चोळतो," मी म्हणालो. "बाकी काही नाही."

बाहेर आल्यावर बायकोने विचारले, "खोटं कशापायी बोललात?"

"बंद करायला लावलं असतं."

"मग केलं असतं बंद."

"रक्त वाढलंय ना पण?"

रिपोर्टमध्ये ते किंचित वाढले होते. दुसऱ्या दिवशी मी कप पुढे केला, तेव्हा तिने तो घेतला. त्यानंतरही रोज घेतला.

नांदेडच्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी मी डॉक्टरांना रसाचे सांगितले. मेंढ्यांचेही सांगितले. त्यांनी लिहून घेतले. पेशी जवळजवळ संपल्या होत्या आणि जंतू रक्तात गेले होते. "यातूनच झालं असं म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "अशा पेशंटला याच्याशिवायही होतं." ते वाक्य मी तेव्हापासून पुष्कळदा वापरून पाहिले आहे. ते पुरत नाही.

हे बोलणे बायकोने ऐकले होते. रविवारी तिने मला खाली वाकायला सांगितले.

"अक्काला मातीचं सांगू नका." अक्का म्हणजे तिची जाऊ, माझ्या वहिनी. "तिनं हौसेनं दिली."

"नाही सांगत."

"पाय चोळा."

वाटी घरी राहिली होती. मी हातानेच चोळले. तळवे गरम होते. ती आकडे मोजत श्वास घ्यायचा प्रयत्न करत होती. चारपर्यंत आत जात नव्हता.

महिन्याभराने मी लातूरला एकटा गेलो आणि सिस्टरला सगळे सांगितले. तिने हातातल्या वहीतले प्रश्नांचे पान काढले.

"मी विचारलं होतं, काका."

आवाजात राग नव्हता. मग तिने माझ्यासमोर त्या प्रश्नाखाली पेनाने 'गव्हांकुर' असा शब्द लिहिला आणि पुढच्या पेशंटकडे गेली.

पहिल्या नवरात्रात तिला वर्ष झालेले नव्हते म्हणून घट बसवले नाहीत. यंदा वहिनींनी लोह्याच्या बसमध्ये मातीचे पोते ठेवून दिले. सोबत फोन आला, "वर्ष फिरलं, भाऊजी. आता घट बसवा. त्याच तुकड्यातली दिलीय." पाचव्या माळेला त्यांनी पुन्हा फोन करून विचारले, "उगवलं का?"

"उगवलं," मी म्हणालो.

पोते गॅलरीत आहे, मी ते उघडलेले नाही. काशाची वाटी कपाटात आहे. जुन्या कॅलेंडरवर दोन गोल फुलीवाचून आहेत. वहिनींना मी काही सांगितलेले नाही.