परवा इल्ले

रिकामी ताटली हातात आली की मामा ती स्टिअरिंगसारखी वळवायचे. चेन्नईच्या मैलापुरात माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. घराणं तंजावरकडचं, मराठी जुन्या वळणाची, पण बहुतेक प्रश्नांना उत्तर एकच आणि तेही तमिळ: "परवा इल्ले."

मी पुण्याहून आलेला. मला त्यात आपलं 'पर्वा नाही' ऐकू यायचं. वाटायचं, काय बेडर माणूस आहे.

उजव्या मनगटातलं बळ गेलं तशी मुलीनं त्यांची गाडी विकली. तेव्हापासून मामांचा पाय ठरेना. जिना उतरायचे, फाटकाला हात लावायचे, परत वर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यात त्यांना कळलं की मी कॉम्प्युटरवर गाड्या पळवतो आणि आता डायरेक्ट ड्राइव्ह व्हीलबेस घेणार आहे, म्हणजे स्टिअरिंग थेट मोटरवरच बसवायचं. मग रोज संध्याकाळी दारात हजर. "ठरलं की नाही रे?"

"पाच न्यूटन-मीटर जोराचा घेऊ की पंधराचा, मामा? दोघांनी चालवायचाय. पंधराचा झटका देतो म्हणतात."

मामांच्या हातातली ताटली थांबली. मनगट चोळत म्हणाले, "परवा इल्ले."

मी पंधराचा मागवला. खरं तर माझं आधीच ठरलं होतं, फक्त वडीलधाऱ्याचा आशीर्वाद हवा होता.

खोकं आलं त्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. पहिल्याच वळणावर पडद्यावरची गाडी भिंतीला घासली, चाक त्यांच्या हातातून सुटून गरगरलं आणि ते ज्याला आवळलं होतं त्या माझ्या जेवणाच्या टेबलानं एक पाय सोडला.

"कसाला इतकं जोर," म्हणत मामा उठले. "परवा इल्ले."

आठवडाभर खाली आले नाहीत. सिरुसेरीच्या ऑफिसात शेजारी बसणाऱ्या सेल्वीला सगळं सांगितलं. आधी ती पोटभर हसली. मग म्हणाली, "तो होकार नव्हता रे बाबा. असू दे, माझं काय, असं म्हणत होते ते."

त्या संध्याकाळी सेटिंगमध्ये जाऊन जोर उतरवत उतरवत इतका खाली आणला, की पाचाचासुद्धा जास्तच झाला असता. मामांना हाताला धरून आणलं. टेबलाखाली विटा होत्या. मामांनी अख्खी फेरी मारली, मग आणखी एक.

"कसं वाटलं?"

"परवा इल्ले," मामा म्हणाले, आणि तिसऱ्या फेरीला निघाले.

पुढे मुलगी त्यांना कोइंबतूरला न्यायला आली. मी विचारलं, "तिकडे करमेल ना, मामा?"

"परवा इल्ले."

या वेळी मला नीट कळलं.

ते मागच्या सीटवर बसले, मांडीवर इडलीचा डबा. मी खिडकीलगत चालत होतो. गल्लीच्या टोकाला गाडी वळायच्या जरा आधीच मामांनी डब्याचं झाकण डावीकडे वळवलं.