मुंग्यांच्या वाटच्या कण्या

शाळेच्या पुस्तकातली मुंगी भारी गुणाची. कष्टाळू, शिस्तीची, पोरांनी कित्ता गिरवावा अशी. नातू तो धडा मोठ्यानं वाचायला लागला की मला हसू येतं. धडा लिहिणाऱ्याच्या शेतातलं बियाणं मुंग्यांनी कधी पळवलेलं नसणार.

मुळशीच्या पाण्याकाठचं माझं माहेर. तिथून मी माले गावाला सून म्हणून आले, ती साठ सालाच्या आधीची गोष्ट. उन्हाळ्यात जमिनीचा एक तुकडा पालापाचोळा आणि शेण पसरून भाजायचा, त्याला राब म्हणतात. पाऊस यायच्या आत त्या कोरड्या राबात भात पेरायचा आणि पुढं तीच रोपं साऱ्या खाचरांत लावायची. राब फसला तर वर्षभर खायचं काय, हा प्रश्न. आमच्या सासरच्या राबाला दरसाल टकलं पडायची आणि सासरे पाखरांना शिव्या घालायचे.

लग्नानंतरच्या पहिल्याच पेरणीला मी दुपारी बांधावर बसले आणि चोर पकडले. मुंग्यांची लांबलचक रांग चालली होती आणि एकेकीच्या तोंडात आमचा आंबेमोहर.

माझ्या माहेरी बायका पेरणीपासून पाऊस लागेपर्यंत रोज वारुळाच्या तोंडाशी मूठभर कण्या टाकायच्या. दारातच मिळालं की मुंगी कशाला लांब जाईल? मी घरी येऊन सासूबाईंकडे कण्या मागितल्या.

"मान्सांच्या तोंडचं काढून मुंग्यांस्नी घालायचं व्हय?" त्या म्हणाल्या.

चुलीपाशी बसलेली थोरली जाऊ माझ्याकडं बघत म्हणाली, "आत्याबाई, मुंगीला पंख फुटल्यात."

खरं सांगायचं तर सासूबाईंचं चूक नव्हतं. अख्खा तांदूळ बाजारात जायचा आणि घरात रात्रीला कण्याच शिजायच्या. पण जावेचं ते बोलणं माझ्या डोक्यात गेलं.

"मग माझ्या वाटच्या शिजवू नका," मी म्हणाले. "मला कच्च्याच द्या."

"घे. पर राब फसला तर म्हायेरची वाट धरायची."

मी कण्या पदरात घेतल्या. तेव्हापासून रात्री माझ्या ताटात नुसती नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. त्या साली पावसानंही माझा अंतच बघितला. आभाळ भरून यायचं आणि तसंच निघून जायचं. पोटात कावळे ओरडत असायचे, तरी रोज संध्याकाळी मी वारुळापाशी जायचेच. घरी परतले की जाऊ विचारायची, "तुज्या पावन्या जेवल्या का?"

"जेवल्या. तुमची लई आठवण काढत व्हत्या," मी म्हणायचे. आतून मात्र जीव टांगणीला लागलेला. राब फसला असता तर मी कोणत्या तोंडानं माहेरच्या दारात उभी राहिले असते?

मग एकदाचा पाऊस लागला आणि राब असा दाट उगवला की बोट घालायला फट नव्हती. शेजारच्यांच्या राबांना टकलं पडलेली. ते आमच्याकडं रोपं मागायला आले आणि सासूबाईंनी सढळ हातानं जुड्या दिल्या. पण हे कुणी केलं, त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला राग आला, का नाही येणार? तरी रोपं लावायच्या त्या आवणीला मी मान वर करून चिखलात उतरले. आजवर पुष्कळ रोपं लावली, पण त्या रोपांइतका अभिमान मला नंतर कशाचाच वाटला नाही.

पुढच्या साली पेरणीच्या दिवशी मी आधीच सांगून ठेवलं होतं, माझ्या कण्या शिजवू नका. रात्री जेवायला बसले तर माझ्या ताटात कण्यांचा हा ढीग. मी सासूबाईंच्या ताटाकडं पाहिलं. तिथं नुसती भाकरी आणि ठेचा होता, आणि त्यांच्या पदराच्या टोकाला कच्च्या कण्यांची गाठ.

"जेव गप," त्या म्हणाल्या. "औंदा माज्या वाटच्या घालायच्या. उद्या मला वारूळ दाव."