टोलीच्या वाट्याच्या गोळ्या

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी पवनीजवळच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होते. वैनगंगेपलीकडची एक टोली, म्हणजे लहानशी वस्तीही आमच्याकडेच होती. तिथली बहुतेक माणसं बौद्ध, दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत राबणारी. दवाखान्यात यायचं तर डोंग्यातून नदी ओलांडायची आणि दिवसाची मजुरी सोडायची. म्हणून ती फारशी येत नसत.

त्या सुमारास औषधांची वाटणी नागपूरचा कॉम्प्युटर करू लागला. नियम साधा होता: ज्या गावचे पेशंट गेल्या वर्षी जास्त, त्या गावाला औषध जास्त. टोलीला तापाच्या गोळ्यांचा जेमतेम एक डबा आला. रोवण्याच्या दिवसांत हिवतापाची साथ पसरली आणि तो लगेच संपला. नदी ओलांडून आलेल्यांना मी रिकाम्या हातांनी परत पाठवलं. मग कोण कशाला येईल? पुढच्या वर्षी वाटा आणखी घटला.

मी डॉक्टरसाहेबांकडे गेले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "सिस्टर, माणसं वाटणी करायची तेव्हा भेदभाव होतो म्हणून तुम्हीच ओरडायचात. मशीनला जात कळत नाही."

"नदीही कळत नाही, साहेब."



टोलीतल्या म्हाताऱ्या सुईणीला मी सगळं सांगितलं. "म्हणजे आमी आलो नाही, त आमी बिमारच नाही?" तिनं विचारलं.

"कॉम्प्युटरच्या हिशेबानं नाही."

"मंग येतो ना!"

बाजाराच्या दिवशी ती अख्खी टोली घेऊन आली. म्हातारे, पोरं, धडधाकट गडी. "तपासा बाई, सगळ्याइले." मला खोटं काहीच लिहावं लागलं नाही. कुणाचे गुडघे, कुणाचा जुना खोकला, कुणाची चिखलात सडलेली बोटं. काहीच दुखत नाही असा एकही निघाला नाही.

पुढच्या वर्षी टोलीचा वाटा वाढला. मी खुशीत होते. मग मीटिंगला जंगलाकडच्या गावची नर्स भेटली. "ताई, तुमचं औषध वाढलं, मंग माझं काहून घटलं?"

एकूण साठा तेवढाच होता. मी म्हटलं, "तूही गाव घेऊन ये."

"तेंदूपत्त्याची मजुरी सोडून कोण येते, ताई?"

माझ्या पिशवीतल्या थोड्या गोळ्या मी तिला कागदात बांधून दिल्या. एसटीला वेळ होता. आम्ही दोघी फाट्यावर बसून राहिलो.