एकसष्टाव्या वर्षी सायकल, पण उतरायचं कसं?

मैत्रिणींनो, महिला मंडळाच्या या फळ्यावर रोज सुविचार असतो. आज माझी सकाळची फजिती वाचा.

गुडघे आखडले म्हणून डॉक्टरांनी मला सायकल चालवायला सांगितली. वय एकसष्ट! सुनेची लेडीज सायकल घेऊन मी आणि आमचे हे मैदानावर गेलो. यांनी मागून कॅरिअर धरलं. दोन फेऱ्यांत मला जमायला लागलं आणि यांनी हात सोडला.

"अहो, उतरायचं कसं?" मी ओरडले.

"ते उद्या शिकवणार होतो!" मागून धापा टाकत उत्तर आलं.

ब्रेक दाबला तर पडेन, या भीतीनं मी पायडल मारतच राहिले. मैदान संपून रस्ता लागला. भाजीची पाटी घेतलेली एक बाई म्हणाली, "अक्का, उतर ना आते!"

"माले उतरता येस नही, माय!" मीही तिच्याच बोलीत ओरडले.

समोर सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याचं फाटक उघडं होतं. मी सरळ आत शिरले आणि कापसाच्या ढिगात जाऊन पडले.

हे पळत पोचले ते थेट फाटकाला टेकले. रोज पाच मैल चालण्याच्या गप्पा मारणाऱ्या माणसाला मजुरांनी बसवून पाणी पाजलं. मी मात्र अंगावरचा कापूस झटकत पोट धरून हसत होते. गुडघ्यांची आठवणसुद्धा झाली नाही.

सून म्हणाली, "आई, आता पुरे ना?"

छे! उद्या सहाला मी पुन्हा मैदानावर. हे पोटऱ्यांना तेल लावून झोपलेत, ते काही येत नाहीत. तुमच्यापैकी कुणाला सायकलवरून उतरता येतं का?