साडेअकरा वाजताचा अंधार

चंदीगडला बदली झाल्यावर मला मिळालेलं काम ऐकून साताऱ्याचे मित्र हसले होते. हवामानाच्या उपग्रहांनी वर्षानुवर्षं काढलेली ढगांची चित्रं आमच्या कार्यालयात पडून होती, काही सीडींवर, काही जुन्या हार्ड डिस्कवर. त्यातल्या प्रत्येक फाइलला नीट नाव द्यायचं आणि तिला सूचीत चढवायचं, हे माझं काम. "म्हणजे ढगांची बारशी करायला सरकार तुला पगार देतं," असं एक जण म्हणाला. मी हसण्यावारी नेलं, पण आतून चिडलो होतो. आपलं काम कुणी हलकं लेखलं की माझं डोकं फिरतं. तो राग मी नेमका माझ्यापेक्षा खालच्या माणसावर काढतो, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

माझ्या हाताखाली एकच व्यक्ती होती, कंत्राटावर डेटा एंट्री करणाऱ्या एक पंजाबी मॅडम. चाळिशीच्या, म्हणजे माझ्याच वयाच्या. झिरकपूरहून बसने येत आणि तिथली वाहतुकीची कोंडी चुकवायला इतक्या लवकर निघत की आमच्या खोलीत सगळ्यांत आधी पोचत. नवरा आजारी, त्याच्या तपासण्या सेक्टर ३२ च्या सरकारी रुग्णालयात चालू, मुलगी बारावीला. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर होतं. कंत्राट दर मार्चला नवं व्हायचं. फेब्रुवारी लागला की त्यांचं बोलणं कमी व्हायचं.

त्यांना एक सवय होती. चित्र उघडून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या फाइलचं नाव पक्कं करत नसत. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. उपग्रहाच्या मूळ फाइलवर जागतिक वेळ असते आणि आपलं घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास. आमच्या सूचीत भारतीय वेळ हवी होती, म्हणून मी एक लहानसा प्रोग्राम लिहिला. तो नावातल्या वेळेत साडेपाच तास मिळवायचा आणि हजारो फाइलींना चहा संपायच्या आत नवी नावं द्यायचा. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. घरी बायकोलाही दोनदा सांगून झालं होतं.

हा प्रोग्राम खोलीतल्या एकाच मशीनवर चालायचा. मॅडम सकाळी ते आपल्या नावाने सुरू करत, आणि मी मधेच त्यांना उठवून तिथे बसायचो. त्यांचं नाव काढून स्वतःच्या नावाने सुरू करायला दोन मिनिटं लागली असती. तेवढीही तसदी मी कधी घेतली नाही.

एका जुन्या सीडींच्या गठ्ठ्यावर प्रोग्राम चालवल्यानंतर दोन दिवसांनी मॅडमनी मला बोलावलं. पडद्यावर एका जानेवारीतलं चित्र होतं. फाइलच्या नावात सकाळचे साडेअकरा. चित्रात पार पूर्वेला अरुणाचलकडे उजेडाची कड होती आणि पंजाब, राजस्थान काळंठिक्कर.

"सर, साढ़े ग्यारह बजे पंजाब में अँधेरा कैसे है? मुझे लगता है इन फाइलों का टाइम किसी ने पहले ही बदल रखा था."

त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. आधीच्या कुणीतरी त्या गठ्ठ्यातल्या वेळा भारतीय करून ठेवल्या होत्या आणि मी त्यावर आणखी साडेपाच तास चढवले होते. चित्र पहाटे सहाचं होतं. शाळेतल्या पोराला कळावी अशी गोष्ट. पण सांगणारी कंत्राटावरची बाई होती, आणि खोलीत शेजारच्या विभागाचे दोघं उभे होते.

"आप नाम टाइप कीजिए, मॅडम. बादल मैं देख लूँगा."

ते दोघं हसले. मॅडम "जी, सर" म्हणाल्या आणि पुढची फाइल उघडली. मी जागेवर जाऊन बसलो तेव्हा मनात शंका आली होती. ती मी मुद्दाम तपासली नाही, कारण तपासली असती तर त्यांच्याकडे परत जावं लागलं असतं.

फेब्रुवारीत ते अंगाशी आलं. गारपिटीवर अभ्यास करणाऱ्या एका संशोधकाने एका दिवसाची दुपारी चारची चित्रं मागवली. आम्ही पाठवली त्यात ढगाचा ठिपका नव्हता. चारच्या नावाखाली सकाळी साडेदहाचं स्वच्छ आकाश गेलं होतं. त्याने तक्रार थेट वर केली. पंचकुल्याहून गाडीने येणारे आमचे साहेब त्या दिवशी डबा न उघडताच खोलीत आले आणि त्यांनी मशीनवरची नोंद काढायला लावली. नावं कुणी बदलली? नोंदीत मॅडमचं नाव होतं.

मॅडम त्या दिवशी नवऱ्याला घेऊन रुग्णालयात गेल्या होत्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "आपने चेक नहीं किया था?"

तिथे एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "सर, फाइलें बहुत थीं." त्यात खोटं काही नव्हतं, आणि त्याच शब्दांनी मी सगळं खापर मॅडमच्या डोक्यावर फोडलं.

"इनका कॉन्ट्रैक्ट तो मार्च में ख़त्म है न?" साहेब म्हणाले. मी मान डोलावली.

घरी बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. "अहो, मग उद्या जाऊन सांगा ना साहेबांना. फार तर बोलतील. तुमची नोकरी काय जाणार आहे?"

नव्हतीच जाणार. एक मेमो आला असता, बढती वर्षभर लांबली असती. मी रोज सकाळी ठरवून निघायचो आणि साहेबांच्या दारावरून पुढे जायचो. मार्च संपला, मॅडमचं कंत्राट नवं झालं नाही. बायकोने तो विषय पुन्हा काढला नाही, पण मी कार्यालयातलं काही सांगायला लागलो की ती उठून जायची.

एप्रिलमध्ये मॅडम अनुभवाचा दाखला मागायला आल्या. मोहालीत एका खासगी कंपनीत काम मिळण्यासारखं होतं. मी भरभरून लिहिलं, अत्यंत दक्ष, अत्यंत प्रामाणिक. त्यांनी उभ्यानेच दोनदा वाचलं.

"सर, एक लाइन और लिख दीजिए. कि वो टाइम वाली ग़लती मेरी नहीं थी. वहाँ पूछ रहे हैं, यहाँ से क्यों निकाला. आपको तो पता है."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं.

"सर्टिफिकेट में ऐसा नहीं लिखते, मॅडम," मी म्हणालो.

"जी," त्या म्हणाल्या आणि कागद पर्समध्ये ठेवून गेल्या. मोहालीचं काम त्यांना मिळालं नाही. हे मला शिपायाकडून कळलं. स्वतः फोन करून विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मे महिन्यात तो गठ्ठा दुरुस्त करायला बसलो, तर त्यांच्या खणात चार कागद सापडले. ज्या फाइलींमध्ये उजेड आणि वेळ जुळत नव्हती, त्या सगळ्या त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवल्या होत्या. माझं बोलणं ऐकून घेतल्यावरसुद्धा त्या रोज थोडं थोडं लिहीत राहिल्या होत्या. त्या यादीवरून मी सगळं एका दुपारीत दुरुस्त केलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली, आणि मी ती थोपटू दिली.

मॅडमना हवं असलेलं वाक्य एवढंच होतं: ती चूक माझी होती, त्यांची नव्हती. आज ते लिहिलं. पण मराठीत लिहिलं, आणि मराठी त्यांना वाचता येत नाही. त्यातही त्यांचं नाव नाही की माझं नाही.