खडू, पेज आणि हळद

पिंपळगाव राजाहून आत सात-आठ किलोमीटरवर असलेल्या एका लहान गावात आशाबाई तायडे अंगणवाडीच्या मदतनीस आहेत. वय चौपन्न, शिक्षण सातवीपर्यंत. सकाळी पोरांना घरोघर जाऊन गोळा करायचं, खिचडी शिजवायची, कुणाचं नाक पुसायचं, कुणाला झोपवायचं, हे काम त्या चौदा वर्षं करत आल्या. त्याच्या आधी त्या घरं रंगवत. गावात लग्न निघालं की भिंतीवर हत्ती, मोर, कळस काढायला त्यांनाच बोलावणं यायचं. पांढरी माती, गेरू आणि कपड्यांची नीळ एवढ्यावर त्या अख्खी भिंत उठवायच्या. पुढे घरं सिमेंटची झाली, लग्नाला फ्लेक्स लागायला लागले, आणि ते बोलावणं आपोआप थांबलं. आशाबाईंनी त्याचं फारसं मनावर घेतलं नाही. खिचडीच्या पातेल्यात त्यांचा दिवस जात होता.

गेल्या मार्चमध्ये अंगणवाडीच्या सेविका समता मॅडम प्रशिक्षणाला जाऊन आल्या. वय तिशीच्या आत, मोबाइलवर हुशार. मुलांकडून बाहेर जमिनीवर मोठी चित्रं काढून घ्यायची आणि फोटो पाठवायचे, असं तिथं सांगितलं होतं. रंग घरीच करायचा. त्याचा व्हिडिओ त्यांनी आशाबाईंना दाखवला.

"मावशी, यात कॉर्नफ्लोअर लागते. म्हणजे मक्याचं पीठ."

"मक्याचं पीठ? ते तं माह्या घरी डबाभर पडेल हाय," आशाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पीठ आणलं, पाण्यात कालवलं, गेरू टाकला. अंगणवाडीच्या पायरीवर फासून पाहिलं तर ते रवाळ, भाकरीच्या उंड्यासारखं गोळा होऊन बसलं. दोघी पोरांना हात धुवायला घेऊन गेल्या, तेवढ्यात शेजारच्या दोन बकऱ्या आल्या आणि पायरी चाटून साफ करून गेल्या. पोरं हसून हसून लोळली. समता मॅडम मात्र हिरमुसल्या. व्हिडिओतलं पीठ दुकानातल्या पाकिटातलं असतं, पांढरंशुभ्र आणि मऊ, ते गावात मिळायचं नाही हे त्यांच्या आता लक्षात आलं.

"राहू द्या व मॅडम," आशाबाई म्हणाल्या. "भिंतीले मी काय मक्याचं पीठ लावत होती का? मले करू द्या माह्या हिशेबानं."

शेजारीच प्राथमिक शाळा होती. तिथले ज्ञानेश्वर गुरुजी खडूचे तुकडे फेकत नसत, एका जुन्या डब्यात टाकत. आशाबाईंनी तो डबा मागून आणला, तुकडे खलबत्त्यात कुटले आणि भुकटी फडक्यातून गाळून घेतली. तांदळाची दाट पेज काढून गार केली. पेजेत भुकटी कालवली तर हाताला दह्यासारखं लागलं. फासून पाहिलं, उन्हात वाळलं, बोटाने घासलं तरी झडेना. मग चार गाडग्यांत चार रंग केले: गेरूचा तांबडा, निळीचा निळा, कोळशाचा काळा आणि हळदीचा पिवळा. त्यांच्या मालकांनी, कडूबांनी, शेतातून येताना कडुलिंबाच्या काड्या आणल्या आणि टोकं ठेचून दिली. तेच ब्रश.

अंगणवाडीसमोर पंधरा दिवसांपूर्वी सिमेंटचा नवा रस्ता झाला होता. ओल धरून ठेवायला वर अंथरलेली तरटं नुकतीच काढली होती. राखाडी, सपाट, कुठे डाग नाही. समता मॅडमनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना दोन बाकं आडवी ठेवली आणि अठरा पोरं रस्त्यावर उतरली. कुणी मोटारसायकल काढली, कुणी नुसत्या रेघा. डिंपलने, म्हणजे सरपंचबाईंच्या नातीने, परातीएवढा पिवळा सूर्य काढला. समता मॅडमनी भराभर फोटो घेतले.

थोड्या वेळाने डिंपल ओरडली, "मावशी, पाह्य ना! माहा सूर्य लाल झाला!"

खरंच झाला होता. हळद ओल्या चुन्याला लागावी तशी नव्या सिमेंटवर लालभडक झाली होती. सगळी पोरं भोवती जमली. आणि नेमके त्याच वेळी महादेवराव आले. ते डिंपलचे आजोबा. सरपंचपद बायकोकडे असलं तरी रस्त्याचं काम त्यांनीच मागे लागून मंजूर करून आणलं होतं.

"आशाबाई, हे का करून ठेवलं?"

"लेकरायनं चित्रं काढले, भाऊ."

"चित्रं काढाले हाच रस्ता भेटला का? परवा आमदार येऊन राह्यले उद्घाटनाले!"

समता मॅडम काही बोलायला पुढे झाल्या. आशाबाईंनी त्यांचा हात धरला. चौदा वर्षांत आशाबाईंच्या नावाची एकही तक्रार वर गेली नव्हती.

"पाण्यानं निंघते ते, भाऊ. आत्ता धुऊन देते."

"मंग धुवा. माह्यासमोर."

पोरांना धुण्यातही मजाच वाटली. बादल्या आल्या, खराटे आले. मोटारसायकल गेली, रेघा गेल्या, निळा-काळा सगळा ओघळून नालीत गेला. राहिला तो सूर्य. आशाबाईंनी त्यावर साबण घासला, तर तो आणखी लाल झाला. महादेवरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आशाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात थांबला नाही. लुगड्यावरचा हळदीचा डाग आपण कशाने काढतो, हे त्यांना घासता घासता आठवलं.

"डिंपल, तुह्या घरामागून लिंबं आण बरं दोन-चार."

डिंपल पळत गेली आणि फ्रॉकच्या ओटीत सहा-सात लिंबं घेऊन आली. आशाबाईंनी एक चिरून सूर्यावर पिळलं. रस जिथं पडला तिथं लाल रंग सरसर पिवळा झाला. पोरांनी एकच गिल्ला केला.

"आँ?" महादेवराव वाकले. "परत पिवळा कसा काय झाला?"

"मले का मालूम, भाऊ. कपड्याचा डाग असाच जाते."

"आणखी पिळा पाहू. इकडून पिळा."

त्यांनी स्वतःच एक लिंबू उचललं. धोतर सावरून ते रस्त्यावर उकिडवे बसले आणि सूर्याच्या एका किरणावर पिळून पाहिलं. मग दुसऱ्या. डिंपल त्यांच्या खांद्यावर रेलून कुठे पिळायचं ते बोटाने दाखवत होती. सगळी लिंबं संपली तेव्हा सूर्य अर्धा लाल, अर्धा पिवळा झाला होता आणि गेला मात्र नव्हता. महादेवराव उठले, हात झटकले. आपण रागावलो होतो हे त्यांना आठवलं असावं, कारण ते जरा घुटमळले.

"रस्त्यावर नोका काढू आता," ते म्हणाले. "ट्रॅक्टर येते, लेकराले काही झालं म्हंजे? ग्रामपंचायतीमागं धान्य वाळवाचा जुना ओटा पडेल हाय. तिथं काढा काय काढाचं ते."

उद्घाटनाच्या दिवशी तो भाग सतरंजीखाली गेला. आमदार आले, नारळ फुटला, कुणाला काही दिसलं नाही. पुढे चैत्राचं ऊन लागलं आणि आठवडाभरात हळद उडून गेली. रस्ता पुन्हा राखाडी झाला.

तेव्हापासून दर शनिवारी पोरं ओट्यावर जातात. हळद आशाबाईंनी बंद केली नाही. ओट्याचं सिमेंट जुनं, त्यावर ती पिवळीच राहते. चित्रं सोमवारपर्यंत टिकतात, मग कुणी तरी त्यावर ज्वारी घालतं. पोरांच्या आयाही येऊन बसतात. एकदा एका सासूबाईंनी काडी मागून घेतली आणि तुळशीवृंदावन काढलं.

खामगावच्या बैठकीत समता मॅडमनी फोटो दाखवले, तेव्हा पर्यवेक्षिका म्हणाल्या, कृती लिहून द्या, बाकीच्या अंगणवाड्यांना पाठवू. दोघी दुपारी पोरं गेल्यावर लिहायला बसल्या.

"किती वाटी भुकटी, मावशी?"

"हातालेच समजते व."

"हाताचं कागदावर कसं लिहू?"

मग आशाबाईंनी वाटी घेतली, पुन्हा सगळं कालवलं आणि प्रत्येक वेळी किती घातलं ते मोजून सांगितलं. एक वाटी भुकटीला दीड वाटी पेज. समता मॅडमनी खाली नाव लिहिलं: आशाबाई कडूबा तायडे, मदतनीस. आशाबाईंनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला.

"गुरुजीचं नाव नाही टाकलं? खडू तं त्यायचेच हाय."

समता मॅडमनी तेही टाकलं. कागदाचा फोटो काढून पाठवला. आशाबाई उठल्या, वाटी धुतली आणि उरलेला रंग फेकायच्या ऐवजी झाकून ठेवला. शनिवारला अजून दोन दिवस होते, पेज आंबेल म्हणून त्यांनी गाडगं ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीला सरकवलं.